मॅटर कुठंय?

वाचकाचं पत्र:

ताई, मी कोल्हापुरात १२ वर्षं प्रिंटचं डिझाइन करते. पत्रिका, फ्लेक्स, खोकी, ब्रोशर, शाळांचे वार्षिक अंक, सगळं. माझ्या मामेभावाची शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. दादा म्हणाला, 'वेबसाइट तूच कर, बाहेर कशाला द्यायची?' मी हौसेनं कोरलमध्ये (छपाईच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) होमपेज केलं. १९२० पिक्सेल रुंद, मागे ओतल्या जाणाऱ्या लोखंडाचा फोटो, वर मोठी अक्षरं आणि जुन्या ब्रोशरमधली चार वाक्यं. घरात सगळ्यांना आवडलं. कोडिंग करणाऱ्या एका मुलाला दाखवलं तर म्हणाला, 'हे असंच्या असं मोबाइलवर येणार नाही,' आणि ६० हजार सांगितले. मराठी मजकूर पाठवला तर त्याच्या स्क्रीनवर नुसती एबीसीडीची खिचडी. मी कोडिंग शिकू का? की वर्डप्रेस वापरू? दादाला वर व्हिडिओ आणि सरकते फोटो हवेत. आणि घरच्या कामाचे पैसे किती मागायचे? ८ पानी ब्रोशरला मी १५ हजार घेते. शेवटचं म्हणजे, साइटवर खाली माझं नाव टाकलं तर चालतं का?
– फ्लेक्सवाली, कोल्हापूर

प्रिय फ्लेक्सवाली,

तुमच्या पत्रात होमपेज आहे, व्हिडिओ आहे, ६० हजार आहेत. मॅटर, म्हणजे मजकूर, नाही. आहेत ती जुन्या ब्रोशरमधली चार वाक्यं, आणि त्यांत 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' हे एक असणार, पैज लावते.

उद्या तुमच्याकडे कोणी येऊन म्हणालं, 'डिझाइन फायनल करून ठेवा, मॅटर मागाहून देतो,' तर तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवाल. मजकूर किती आहे ते कळल्याशिवाय ८ पानं की १२, हेही ठरत नाही. १२ वर्षं पाळलेला हा नियम वेबसाइटचं नाव निघताच तुमच्या हातून सुटला. माझ्याही हातून सुटला होता, म्हणून आधी माझी फजिती ऐका.

२००९ साल. पुण्यात माझं डीटीपीचं काम होतं आणि मशिनचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदारानं वेबसाइट मागितली. मी फोटोशॉपमध्ये झकास पान केलं, त्याचे चौकोनी तुकडे पाडले आणि ते तुकडे शेजारीशेजारी चिकटवून साइट चढवली. शीर्षक, पत्ता, फोन नंबर, सगळं चित्रात. चार महिन्यांनी दुकानाचा फोन नंबर बदलला. नवा आकडा घालायचा तर मूळ फाइल उघडा, तुकडा पाडा, चढवा. ती मूळ फाइल मी ज्या सीडीवर ठेवली होती ती सापडेना. मालकानं गूगलवर स्वतःच्या दुकानाचं नाव टाकून पाहिलं तर साइट येईना, कारण पूर्ण पानावर यंत्राला वाचता येईल असा एक शब्द नव्हता. मी वेबसाइट केली नव्हती, वेबसाइटचा फोटो काढून लावला होता. तुमचं १९२०चं होमपेज आत्ता नेमकं तेच आहे. ते फेकू नका, बाजूला ठेवा. त्यातले रंग आणि अक्षरांचा रुबाब पुढे उपयोगी पडतील.

आता एक वही घ्या आणि शिरोलीला जा. दादांना 'वेबसाइटवर काय हवं?' असं विचारू नका. त्याचं उत्तर व्हिडिओच येईल. विचारा, 'गेल्या सहा महिन्यांत नव्या गिऱ्हाइकानं फोनवर पहिल्यांदा काय विचारलं?' मग मार्केटिंग बघणाऱ्या माणसाला वेगळं गाठून तोच प्रश्न करा. फौंड्रीला फोन करणारा बहुधा कुठल्यातरी कारखान्याचा परचेसवाला असतो, त्याच्यापुढे हव्या त्या भागाचं एक ड्रॉइंग उघडलेलं असतं. त्याला हवं असतं ते असं: ग्रे आयर्न ओतता की एसजी, म्हणजे त्याहून चिवट लोखंड? कुठले ग्रेड? एफजी २६० होईल का, ५००/७ होईल का? सगळ्यात हलका जॉब किती किलोचा घेता आणि सगळ्यात जड किती? महिन्याला किती टन? भट्टी कसली, किती किलोची? स्पेक्ट्रोमीटर (धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र) आहे की रिपोर्ट बाहेरून आणता? मशिनिंग करून देता की नुसतं कास्टिंग? पॅटर्न कोण करणार आणि सॅम्पल किती दिवसांत? गुणवत्तेचं प्रमाणपत्र, आयएसओ ९००१, आहे का? गाड्यांच्या कंपनीचा असेल तर आयएटीएफ १६९४९ आहे का?

ही उत्तरं आकड्यांत लिहून घ्या. तोच तुमचा मजकूर. 'आमच्याकडे अत्याधुनिक यंत्रसामग्री आहे' या वाक्याला परचेसवाल्याच्या लेखी किंमत शून्य. भट्टीची क्षमता, मोल्डिंग बॉक्सचं माप, जॉबचं कमीतकमी आणि जास्तीतजास्त वजन, हे एका तक्त्यात दिसलं की दोन मिनिटांत तो ठरवतो, ड्रॉइंग पाठवायचं की पान बंद करायचं. जड जॉब दादा घेतच नसतील तर ते लिहिल्यानं काही बिघडत नाही, उलट नको त्या चौकशांचे फोन कमी होतील.

एवढ्या मजकुराला पाच पानं पुरतात. मुखपृष्ठ, आम्ही काय ओततो, कारखाना आणि चाचण्या, संपर्क, आणि पाचवं नोकरीचं. हे पाचवं पान मराठीत करा. बाकीची चार इंग्रजीत ठेवा, कारण ड्रॉइंग पाठवणारा चाकणचा असेल, कोइम्बतूरचा असेल, परदेशातलाही असेल. पण फौंड्रीमन, फिटर, मशिनिस्ट शोधताना तुमचा वाचक आयटीआय झालेला हातकणंगल्याचा मुलगा आहे. शिफ्ट कुठल्या, बस आहे का, कॅन्टीन आहे का, कागदपत्रं कुठली आणायची, हे त्याला मराठीत सांगा. दादांनी हे मागितलेलं नाही, पण माणसं मिळत नाहीत ही तक्रार ते रोज करत असतील.

दादांची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे हे बरं लिहिलंत. कंपन्यांसाठी २०१४च्या इन्कॉर्पोरेशन नियमांत २६वा नियम आहे. कंपनीची वेबसाइट असेल तर तिच्या मुखपृष्ठावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, ई-मेल आणि चौकशीसाठी संपर्काच्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. हे कुणीच डिझाइनरला सांगत नाही, मग साइट झाल्यावर सीएकडून फोन येतो आणि तळाशी कुठंतरी ओळ कोंबावी लागते. तुम्ही आधीच जागा ठेवा.

फोटोंबद्दल तुम्हाला मी काय शिकवणार, पण दोन धोके फक्त फौंड्रीचे आहेत. कास्टिंगवर गिऱ्हाइकाचा लोगो किंवा पार्ट नंबर उठलेला असतो, तो फोटो परवानगीशिवाय लावू नका. गिऱ्हाइकाशी गोपनीयतेचा करार असेल तर दादा अडचणीत येतील. आणि ओतकामाचा फोटो निवडताना माणसाच्या अंगाकडे बघा. चेहऱ्यापुढे शील्ड नाही, पायात बूट नाहीत, आणि मागे लोखंडाचा सुंदर नारिंगी उजेड. तुम्हाला उजेड दिसेल, सुरक्षा तपासणाऱ्या ऑडिटरला पाय दिसतील. इंटरनेटवरून उचललेला, नव्याकोऱ्या पिवळ्या हेल्मेटमधला गोरा इंजिनिअर तर नकोच. शिरोलीत तो कुणी पाहिलेला नाही.

मॅटर झालं, फोटो झाले. आता तुमच्या कोडवाल्या मुलाचं वाक्य. 'असंच्या असं येणार नाही' हे तो टाळाटाळ म्हणून बोललेला नाही. तुम्ही आजवर जे केलंत त्याचा कागद आधी ठरलेला होता. २३ बाय ३६चा शीट घ्या, डेमी घ्या, १० बाय २०चा फ्लेक्स घ्या, प्लेट निघाली की अक्षर जागचं हलत नाही. इथे कागद वाचणाऱ्याच्या हातात आहे आणि तो किती रुंद आहे ते तुम्हाला माहीत नाही. साध्या अँड्रॉइड फोनवर वेबपान साधारण ३६० पिक्सेल रुंदीत मांडलं जातं. परचेसवाल्याच्या टेबलावर तेच १९२०. कोणी अक्षरं मोठी करून वाचतो, कोणी फोन आडवा धरतो. वेब डिझाइनर एथन मार्कोट यांनी २०१०मध्ये यावरच्या उपायाला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' असं नाव दिलं: पान एकच, पण मिळेल त्या रुंदीत मजकूर आपली मांडणी बदलून बसतो.

हे तुम्हाला परकं वाटतंय, पण ते तुम्ही वर्षानुवर्षं करत आलात. एकाच सराफाची जाहिरात तुम्ही चौकातल्या होर्डिंगवर केली असेल, रिक्षाच्या पाठीवर केली असेल आणि व्हिजिटिंग कार्डावरही. होर्डिंगवरचा हार रिक्षावर येताना गेला, कार्डावर येताना घोषवाक्यही गेलं, नाव आणि नंबर शेवटपर्यंत राहिले. काय राहतं आणि काय जातं, याचा क्रम लावता येणं हेच या कामातलं अवघड अंग आहे, आणि ते त्या मुलापेक्षा तुम्हाला जास्त येतं. फक्त सुरुवात उलटी करा. आधी ३६० पिक्सेलची चौकट, मग तोच मजकूर मोठ्या चौकटीत. कोरल बंद करून फिग्मा उघडा, ते वेबपानांची मांडणी करायचं साधन आहे. फुकटची आवृत्ती पुरते, आणि त्यातलं 'ऑटो लेआउट' आठवडाभर वापरलंत की मजकूर वाढला तर खालचं सगळं आपोआप सरकतं ही गोष्ट हातात मुरेल.

प्रिंटच्या आणखी काही सवयी सोडाव्या लागतील, पटापट सांगते. सीएमवायके (शाईचे रंग) विसरा, आरजीबीत (पडद्याचे रंग) काम करा. ३०० डीपीआयचा इथे काही संबंध नाही, फोटो किती पिक्सेल रुंद आहे आणि किती केबीचा आहे तेवढं बघा. १६०० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूपात, २०० केबीच्या आत बसवता आला तर उत्तम. इंग्रजी मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. पांढऱ्यावर भगवी अक्षरं फ्लेक्सवर खपून जातात, इथे नाही. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५:१ असावं असा वेबचा निकष आहे, भगवं त्याच्या आसपासही फिरकत नाही. तपासायची साधनं फुकट मिळतात.

आता ती एबीसीडीची खिचडी. यावर जरा थांबते, कारण मराठी डिझाइनर इथे हमखास आपटतो.

तुम्ही श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टात टाइप करत असणार. त्या फॉन्टांत संगणकाच्या पोटात मराठी नसतंच. पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. प्लेट काढेपर्यंत मुखवटा जागेवर, म्हणून कधी अडलं नाही. मजकूर दुसऱ्याच्या मशिनवर गेला, तिथे तो फॉन्ट नाही, मुखवटा गळाला, खाली एबीसीडी. युनिकोड या जगभर चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत क साठी क चाच क्रमांक असतो, मग फॉन्ट कुठलाही असो. गूगलला, व्हॉट्सअ‍ॅपला, अंध माणसाला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला फक्त हेच मराठी मराठी म्हणून कळतं.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. वापरा, पण प्रूफ वाचल्याशिवाय एक ओळ पुढे पाठवू नका. रफार भलत्या अक्षरावर बसतो, जोडाक्षरं फुटतात, आणि दऱ्यांचा दर्या होतो. हा शेवटचा घोटाळा टाइप करतानाही होतो. दऱ्यातला र वेगळा आहे, सुटा लिहिला की त्याच्याखाली टिंब असतं (ऱ), तो शोधून घ्या. खरं तर नोकरीच्या पानाचा मजकूर दीडशे-दोनशे शब्दांचा, तो नव्यानंच टाइप केलात तर बरं.

फॉन्टची चिंता नको. मुक्त, बलू, हिंद, नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी, हे सगळे विनामूल्य आहेत आणि साइटवर वापरायची परवानगीही आहे. फौंड्रीला मी मुक्त लावेन, सरळ, कामाचा चेहरा आहे. दोनच वजनं घ्या, साधं आणि ठळक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, सहा वजनं घेतलीत तर मोबाइलवर पान अडखळेल. अक्षर १८ पिक्सेल ठेवा आणि दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त हवा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकात ते देखणं दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. एक बारकी गोष्ट राहिली. पानाच्या कोडमध्ये 'या पानाची भाषा मराठी' अशी नोंद करता येते, ती करा. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श दडलेले असतात, ते या नोंदीशिवाय बाहेर येत नाहीत आणि पान हिंदी दिसतं. हे दादांना दिसणार नाही. तुम्हाला दिसेल, म्हणून सांगितलं.

कोडिंग शिकू का? थोडं, हो. एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं रूप), बस. जावास्क्रिप्टला या वर्षी हात लावू नका. शाळेच्या वार्षिक अंकात तुम्ही परिच्छेदाच्या स्टाइल करून ठेवता ना, शीर्षक असं, उपशीर्षक असं, बाकी मजकूर असा, आणि मग एका जागी बदल केला की ८० पानांत बदलतो? सीएसएस म्हणजे तेच. वेबतज्ज्ञ होकॉन व्हियुम ली यांनी ती कल्पना १९९४मध्ये मांडली. तिच्या नावातच 'स्टाइलशीट' आहे, आणि हा शब्द आपल्या प्रिंटवाल्यांना नवा नाही. मोझिलाचं एमडीएन नावाचं शिकवणीचं साहित्य फुकट आहे. रोज संध्याकाळी एक तास, आणि सरावाला काल्पनिक कंपनी घेऊ नका. दादांचं 'आम्ही काय ओततो' हे एकच पान घेऊन तोच तक्ता फोनवर नीट दिसेपर्यंत झटा. दीडदोन महिने लागतील.

पण साइट उभी मात्र वर्डप्रेसवर करा, म्हणजे कोड न लिहिता साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर. जगातल्या दर १० वेबसाइटींपैकी ४हून जास्त त्यावर चालतात, त्यामुळे उद्या तुम्ही नसलात तरी ती सांभाळणारा माणूस इचलकरंजीतही मिळेल. विक्ससारख्या ओढा-ठेवा साधनांवर काम लवकर होतं, तुमच्या हाताला ते आवडेलही, पण तिथं दरवर्षी भाडं भरत राहायचं आणि साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. एकट्या छायाचित्रकारानं ते घ्यावं, कारखान्यानं नको असं माझं मत. वर्डप्रेससोबत येणारी साधी थीमच (पानांचा तयार साचा) घ्या. '१००० डेमोसह' अशी विकत मिळणारी थीम म्हणजे सजवलेला मांडव, त्यात आपला पाट कुठे मांडायचा हे शोधण्यात महिना जातो. प्लगिन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, मोजके घ्या आणि ते वेळच्या वेळी अद्ययावत ठेवा. बेवारस पडलेल्या प्लगिनमधून साइटीत चोर शिरतात.

हे जमेपर्यंत त्या मुलाला तोडू नका. सर्व्हरवर चढवणं, बॅकअप लावणं, सुरक्षेचं प्रमाणपत्र बसवणं (हे लेट्स एनक्रिप्टकडून फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर विचारा कशाचे) एवढ्यासाठी त्याला दोन-तीन दिवसांचे पैसे देऊन बसवा आणि शेजारी बसून बघा.

डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर घ्यायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कंपनीच्या. कंपनीच्या ई-मेलवर, कंपनीच्या कार्डावरून. तुमच्या नावावर नको आणि त्या मुलाच्या तर मुळीच नको. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराचं डोमेन एका होस्टिंगवाल्याच्या (साइटला सर्व्हरवर जागा भाड्यानं देणारा) खासगी ई-मेलवर होतं. तो गाव सोडून गेला, नूतनीकरणाच्या आठवणी त्याच्याकडे जात राहिल्या, एक दिवस साइट बंद आणि ऑफिसचे सगळे ई-मेलही बंद. शेवटी नाव बदलून नवं डोमेन घेतलं आणि छापलेली लेटरहेड रद्दीत गेली. पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाची बघा, आणि जमलं तर ५ वर्षांचं एकदम भरा.

संपर्काच्या पानावर फॉर्म ठेवाल, त्यात ड्रॉइंगची फाइल जोडायची सोय हवी, पीडीएफ आणि स्टेप (त्रिमितीय ड्रॉइंगची फाइल) दोन्ही. नाव, कंपनी, फोन, ई-मेल, ड्रॉइंग, याच्यापुढे काही विचारू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे, आणि परचेसवाल्याची जन्मतारीख घेऊन दादा करणार काय? त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॉर्म भरल्यावर ई-मेल खरंच पोहोचतो का ते बघा. मी केलेल्या एका साइटीवर चार महिन्यांच्या चौकश्या स्पॅमच्या खोक्यात पडून होत्या आणि मालक मला म्हणत होता, 'वेबसाइटचा काय उपयोग नाही बघा.' तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी स्वतः फॉर्म भरून बघते. फॉर्मच्या शेजारी व्हॉट्सअ‍ॅपचं बटणही ठेवा. निम्मी माणसं तेच दाबतील.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवलं. दादा साइट झाल्या झाल्या लिंक सगळ्यांना पाठवणार. तेव्हा लिंकबरोबर जे छोटं चित्र दिसतं ते आपल्याला ठरवता येतं. १२०० बाय ६३० पिक्सेलचं एक चित्र वेगळं करून द्या, कंपनीचं नाव ठळक. काही लोक साइट उघडणारच नाहीत, तेवढंच बघतील. गूगल मॅप्सवर फौंड्रीची नोंदही त्याच दिवशी करून टाका, फुकट आहे. ट्रकवाला गेट शोधत मॅपवरच येतो.

आता व्हिडिओ. दादांना नाही म्हणू नका, फोन दाखवा. ४० एमबीचा व्हिडिओ वर लावून एक चाचणीचं पान करा आणि फौंड्रीच्या गेटवर, दुपारच्या उन्हात, वॉचमनच्या फोनवर उघडायला सांगा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते. दादा घड्याळाकडे बघत उभे राहतील आणि निर्णय त्यांचा तेच घेतील. सरकत्या फोटोंचंही तेच, दुसरा फोटो सरकून येईपर्यंत कुणी थांबत नाही. व्हिडिओ कारखान्याच्या पानावर खाली ठेवा, बटण दाबल्यावर चालू होईल असा. वर एक स्थिर फोटो, कंपनी काय ओतते ते एका वाक्यात, आणि 'ड्रॉइंग पाठवा' हे बटण. तुमच्या होमपेजमधला नारिंगी या बटणाला द्या. फक्त त्यावरची अक्षरं काळी.

पैशांचं. ८ पानी ब्रोशरला तुम्हाला समजा ५ दिवस लागतात, म्हणजे दिवसाचे ३ हजार. मजकूर गोळा करणं, फोटो, पाच पानं, तपासणी, दुरुस्त्या धरून या साइटीला सराईत माणसाचे २० दिवस जातील. करा गुणाकार. ६० हजार. तो मुलगा लुटत नव्हता. तुम्हाला पहिल्या खेपेला ४० दिवस लागतील, त्यातले २० शिकण्याचे, ते दादांच्या माथी मारू नका. उरलेल्या २०चं कोटेशन लेखी द्या. घरचं म्हणून सूट द्यायची असेल तर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट वजा करा, म्हणजे मामींना पुढच्या लग्नात सांगताना खरा आकडा सांगता येईल. डोमेन, होस्टिंग यात धरू नका, ते दादा थेट भरतील. एक तृतीयांश आधी, एक प्रूफ दाखवल्यावर, एक साइट चढल्यावर. प्रूफ दोनदा, तिसऱ्यांदा बदल आले तर दिवसाचा दर. आणि वर्षभर अद्ययावत ठेवण्याचे वेगळे, रक्कम छोटी असली तरी वेगळीच. फुकट केलेल्या कामाचे बदल रात्री साडेअकरालाही येतात, नातेवाईकांकडून तर जास्तच.

हे कोटेशन मजकुराच्या वहीसोबत नेऊ नका. आधी वही, दोन दिवसांनी कोटेशन.

खाली नाव टाकायचं का विचारलंत. टाका, अगदी शेवटी, लहान अक्षरांत, दादांना विचारून. सीआयएनच्या ओळीच्या वर नको. मोबाइल नंबर मात्र देऊ नका, नाहीतर कास्टिंगचा रेट विचारायला लोक तुम्हाला फोन करतील.